चांगलं तेवढं धरायचं

आमच्या कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर मी एक पाटी लावून घेतली होती : ‘आधी चौकशी करावी, मग भांडावे.’ प्राचार्यांना ती आवडली नाही. कॉलेजच्या प्रतिष्ठेला शोभत नाही म्हणाले. मी म्हटलं, सर, तुम्ही जूनमध्ये एक दिवस इथं माझ्या खुर्चीवर बसा, मग पाटी काढायची की मोठ्या अक्षरात करायची ते ठरवू. सर काही बसले नाहीत आणि पाटी राहिली.

मी इंदापूरची. बारामतीच्या या कॉलेजात कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी एसटीनं गेले-आले, त्यामुळे माझ्याकडे सल्ला मागणारे निम्मे लोक मला बसमध्येच भेटले. निवृत्तीनंतरही कॉलेज उन्हाळ्यापासून प्रवेश संपेपर्यंत मला मानधनावर बोलावतं. घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा हे बरं, असं सून म्हणते आणि तिचं बरोबर आहे.

लोकांना वाटतं, प्रवेश विभागात काय, कागद घ्यायचे आणि शिक्का मारायचा. अहो, शिक्का कुणीही मारील. आमचं खरं काम म्हणजे घरच्यांच्या मनातलं आणि पोराच्या मनातलं एका अर्जात बसवणं. आमच्या भागात प्रवेशाला एकटं पोरगं येत नाही. वडील येतात, मामा येतो, गावातला एखादा जाणकार येतो, आणि ज्याच्या गाडीतून आले तो गाडीवालाही आत येऊन मत देतो. पोराला मात्र पाणी आणायला पाठवतात.

यावर मी एक तोडगा काढला होता. मंडळी बसली की म्हणायचं, ‘उन्हातून आलात, आधी कँटीनला चहा घेऊन या. याला राहू द्या, सह्या घ्यायच्यात.’ कँटीनच्या गफूरभाईंशी माझी बोली होती. मॅडमनी पाहुणे पाठवले की चहा सावकाश उकळायचा. तेवढ्यात मी त्या पोराला विचारून घ्यायची, ‘आता कुणी नाही. खरं सांग, काय शिकायचंय?’ काही जण लगेच सांगत. काही जण आधी रडून घेत. मग मंडळी चहा पिऊन परत आली की तेच मी माझं मत म्हणून सांगायची. पोरानं सांगितलं तर उद्धटपणा, आणि मॅडमनी सांगितलं तर मार्गदर्शन.

बाहेरच्या माणसाला या परीक्षांचं जंगल कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या वेळी बारावीचे गुण हाच शेवटचा शब्द होता. आता इंजिनिअरिंगला राज्याची सीईटी, डॉक्टरकीला नीट, देशभरच्या मोठ्या कॉलेजांना जेईई. सीईटीतही गणितवाल्यांचा गट वेगळा आणि जीवशास्त्रवाल्यांचा वेगळा. निकाल येतो तो टक्क्यांत नाही, पर्सेंटाइलमध्ये. म्हणजे तुला किती पडले यापेक्षा तुझ्या मागं किती जण राहिले, असा हिशोब. हे मी हजारदा समजावलं असेल आणि तरी दर वर्षी कुणीतरी पर्सेंटाइलला टक्के समजून पेढे वाटतंच.

बावड्याचे एक तात्या होते. त्यांनी मुलाला जेईई, नीट आणि सीईटीचे दोन्ही गट, सगळं द्यायला लावलं. पोरगं वाळून काडी झालेलं. तात्यांचं म्हणणं, ‘सगळ्या सऱ्यांना पाणी सोडून ठिवायचं. कुठं तरी भिजंल.’ मी त्यांना चहाला पाठवलं आणि मुलाला विचारलं. तो म्हणाला, शेतकी करायची आहे. आता शेतकीच्या पदवीला यातल्या कुठल्याही एका परीक्षेचे गुण चालतात. तात्या परत आल्यावर त्यांना हे सांगितलं, तर ते खुर्चीतून पुढं वाकले.

‘म्हंजे एका परीक्षेवर भागत हुतं?’

‘भागत होतं.’

‘मग सरकारनं एवढ्या ठिवल्या कशाला?’

‘निवडायला ठेवल्यात, तात्या. लग्नाच्या पंगतीत सगळं वाढतात म्हणून सगळं संपवायचं नसतं.’

तात्या हसले नाहीत. पोरगं मात्र खूप दिवसांनी हसल्यासारखं हसलं, आणि त्याला बघून मग तात्यांनीही मान खाली घालून मिशीत हसून घेतलं.

सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी गेल्या नाहीत. भिगवणची एक मुलगी होती, फार हुशार. सीईटीच्या दिवशी ती काविळीनं अंथरुणात. तेव्हा परीक्षा वर्षातून एकदाच. तिचे वडील खिडकीशी येऊन विचारत राहिले, ‘पुन्यांदा घेतील का ओ?’ मी नाही म्हणत राहिले. पुढच्या वर्षी द्या म्हटलं, तर म्हणाले, वर्षभर कोण थांबतंय बाई. तिनं साधी पदवी घेतली, आता शाळेत शिकवते, एसटीत भेटली की जागा देते. तिची काही तक्रार नाही. मलाच तिच्या शेजारी बसलं की वाईट वाटतं. ऐन दिवशीच्या आजारपणावर माणसाचं सगळं ठरावं, हा कसला न्याय?

म्हणून सीईटी दोनदा होणार, दुसरी ऐच्छिक, आणि दोन्हीतला जो निकाल चांगला तोच धरणार, असा नियम आला तेव्हा मला अगदी हायसं वाटलं. क्लासवाल्यांनी लगेच ‘दुसरी संधी, हमखास यश’ असे फलक लावून टाकले, ते सोडा. कावळे जमायचेच. पण नियम चांगला होता. आता कुणाला नाही म्हणावं लागणार नाही, अशा समजुतीत मी होते. नाही म्हणणारा घरातच बसलेला असतो, हे मी एवढ्या वर्षांनीही विसरले होते.

उन्हाळ्यात सणसरहून बंडगर आले. ऋतुजा नावाची मुलगी, तिचे आजोबा म्हणजे आबा, आणि गाडी चालवणारे तिचे चुलते, नाना. वडील एमआयडीसीत पाळीवर होते, पण ते आले असते तरी फरक पडला नसता. त्या घरात शब्द आबांचा. आबांनी तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी वाटा तुडवल्या होत्या. पुढं थोडी जमीन घेतली, ऊस लावला, कळप विकला. आवाज मात्र अजून माळावरचाच होता, समोरच्या खुर्चीशी बोलले तरी व्हरांड्यात ऐकू जायचा.

ऋतुजाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवं होतं. आबांची अट एकच. पोरगी सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी आली पाहिजे. म्हणजे कॉलेज बारामतीचंच हवं आणि त्याला गुण चांगले हवेत. बारामती हुकली तर इंजिनिअरिंगच नाही, मग गावाजवळ मिळेल ती पदवी. पहिली सीईटी तिनं दिली होती आणि ती बिघडली होती. दुसरीची नोंदणी त्याच दिवशी संपत होती.

मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, ‘आबा, उन्हातून आलात. चहा घेऊन या.’

‘मी चा सोडलाय,’ आबा म्हणाले.

‘मग सरबत घ्या.’

‘मी हितंच बसतो.’

झालं. माझा तोडगा तिथंच आडवा झाला. नाना दारात टेकून उभे होते, तेही हलले नाहीत. ऋतुजा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी तिला विचारलं, पेपर का बिघडला? ती आबांकडं बघायला लागली. तेव्हा नानाच म्हणाले, ‘आमीच बिघडवला म्हणा, मॅडम.’

परीक्षा पुण्याला, दुपारची. घरातून निघताना सगळ्या वस्तीतल्या बायकांनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. एकीचं घेतलं आणि दुसरीचं नाही, असं करता येत नाही. मग जीपभर माणसं तिच्यासोबत निघाली. जेजुरी वाटेवर, कुलदैवत, न थांबता जायचं कसं? ऐन उन्हात गड चढले, भंडारा उधळला, गड उतरले. पुढं दिवेघाटात पोरीला उलट्या सुरू झाल्या. पेपरला बसली तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी. गणितातले बरेच प्रश्न तिनं बघितलेसुद्धा नाहीत. यात वाईट कुणीच केलं नव्हतं, हेच वाईट होतं.

‘मग आता दुसरी संधी आहे,’ मी म्हटलं. ‘आज नोंदणी करू.’

‘न्हाय,’ आबा म्हणाले. ‘आमच्या घरातलं पोर दुसऱ्यांदा बसणार न्हाय.’

‘आबा, ही नापासांची परीक्षा नाही. कुणीही देऊ शकतं. पहिली चांगली गेलेली पोरंही देतायत.’

‘कागदावर न्हाय बाई, पण गावात नापासाचीच. तुमचं गाव मोठं, तुमाला न्हाय कळायचं. ह्याला इचारा.’ त्यांनी मागं न बघताच अंगठा दाराकडं केला. ‘ह्याला गाव काय म्हणतंय, इचारा.’

मी नानांकडं पाहिलं. नानांनी अगदी शांतपणे सांगितलं, ‘ऑक्टोबर म्हणत्यात, मॅडम.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा ऑक्टोबरात असायची. नाना मार्चमध्ये इंग्रजीत गेले आणि ऑक्टोबरला बसले. बंडगरांच्या घरातला दहावीपर्यंत पोचलेला तो पहिला मुलगा. आबांनी त्याच्यासाठी गावाशी पैज लावल्यासारखं मिरवलं होतं. तो आपटल्यावर गावानं नाव ठेवलं ते कायमचं. दुधाच्या डेअरीत ऑक्टोबर, सोसायटीत ऑक्टोबर. लग्नपत्रिका वाटायला गेले तेव्हाही दारातून हाक, कोण, ऑक्टोबर का? माणूस पन्नाशीला आला, तरी त्याचा महिना काही सरला नव्हता.

‘पोरगीचं नाव खराब हुईल,’ आबा म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. ‘पोरग्यानं सोसलं. पोरगीला कशाला?’

तेव्हा मला कळलं की हा म्हातारा हट्टी नाही, भ्यालेला आहे. माझी चीड तिथंच उतरली. नियमाचं उत्तर माझ्याकडं होतं, पण या गोष्टीला नियम कुठला दाखवणार? ऋतुजा आता उघड रडत होती. आवाज न करता रडणारी पोरं मला अजिबात बघवत नाहीत. मी ग्लासभर पाणी तिच्यापुढं सरकवलं.

नाना दारातून आत आले. बसले नाहीत. आबांच्या खुर्चीमागं उभं राहून म्हणाले, ‘आबा, मी ऑक्टोबरला पास झालतो.’

आबांनी मान वळवून मागं पाहिलं.

‘इंग्रजीत पास झालतो,’ नाना म्हणाले. ‘गावाचं जाऊ द्या. तुमी बी कवा म्हणला न्हाय, की माझा संपत पास झाला.’

ऋतुजानं डोळे पुसले. ‘नाना, तुमी पास झालता?’

‘मग काय तर. पहिल्या फटक्यात. म्हंजे, दुसऱ्या.’

ती रडता रडता हसली. तिला खरंच माहीत नव्हतं. ज्या पोरीला खांद्यावर बसवून त्यांनी बाजार दाखवला, तिलाही वाटत होतं की आपले नाना दहावी नापास. घरात कुणी खोटं सांगितलं नव्हतं, फक्त खरं कुणी सांगितलं नव्हतं.

आबांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग मला म्हणाले, ‘बाई, दुसऱ्यात कमी पडलं तर पहिलं पुसलं जातंय का?’

‘नाही, आबा. दोन्हीतलं जे चांगलं तेच धरतात. दुसरं बिघडलं तर पहिलं आहे तसंच राहतं.’

‘म्हंजे चांगलं तेवढं धरायचं.’

‘होय.’

‘आन आमच्या संपतचं आमी वाईट तेवढं धरलं,’ आबा म्हणाले. नंतर पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि कपाळ पुसलं. ‘भरा. काय भरायचं ती भरा.’

मी तातडीनं कॉम्प्युटरकडं वळले. उशीर केला असता तर माझेच डोळे भरून आले असते आणि मग माझा दरारा कुठं राहिला असता?

पण इतक्यात सुटका नव्हती. पहिला अर्ज त्यांनी गावातल्या नेट कॅफेत भरला होता आणि मोबाइल नंबर टाकला होता कॅफेवाल्याचा. हा आमच्याकडचा जुना रोग आहे. आबांना फोन वाचता येत नाही, वडील कामावर, म्हणून सगळ्या गावाच्या पोरांच्या अर्जांवर त्या एकाच भाद्दराचा नंबर. ओटीपी त्याच्याकडं जायचा. फोन लावला तर तो कुठल्या तरी हळदीत, मागं डीजे दणाणतोय. मी ओटीपी म्हणतेय आणि तो मला पत्ता सांगतोय. दोन वेळा ओटीपीची मुदत संपली. शेवटी नाना निघाले, गाडी काढली आणि थेट हळदीच्या मांडवात जाऊन त्या माणसाच्या शेजारी बसले. तिथून त्यांनी मला फोन केला. मी इकडून बटण दाबलं आणि नानांनी डीजेच्या वर आवाज चढवून एकेक आकडा सांगितला. आवाज आबांकडूनच आला होता, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. नोंदणी झाली. पावती निघताना प्रिंटरचा जो आवाज येतो, तो मला इतका गोड कधी वाटला नव्हता. आबांनी गफूरभाईंकडून चहा मागवला आणि दोन कप प्यायले.

दुसऱ्या वेळी आबांनी हुकूम काढला. जीप नाही, वऱ्हाड नाही. आदल्या दिवशी एकटे नाना तिला घेऊन जातील, हडपसरला पाहुण्यांकडं मुक्काम. दही-साखर फक्त आईच्या हातची, तीही बोटभर. ‘देवाचं काय?’ म्हणून आजीनं विचारलं, तेव्हा आबा म्हणाले म्हणे, ‘देव कुठं जातोय? निकालाला जाऊ.’ हे सगळं मला ऋतुजानं नंतर फोनवर सांगितलं. आधीच्या वेळी जी मुलगी आबांपुढं तोंड उघडत नव्हती, ती आता आबांची नक्कल करत होती.

निकाल लागला तेव्हा दुसरा पहिल्यापेक्षा चांगलाच वर होता. तरी मी निवांत नव्हते. एवढ्या वर्षांत हातात आलेलं सुटताना पुष्कळदा पाहिलंय. कॉलेजांचा पसंतीक्रम तिनं माझ्यासमोर बसून स्वतः भरला, यावेळी मोबाइल नंबरही बदलून स्वतःच्या वडिलांचा घातला. पहिल्या फेरीत बारामती लागली नाही. त्या दिवशी इंदापूरला जाताना मी बसमध्ये कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या फेरीत लागली. कॉम्प्युटरलाच लागली. माझ्या छातीवर कुणीतरी ठेवलेलं पोतं उचलून नेलं, असं झालं. घरी जाऊन सुनेच्या भाजीला मी चांगली म्हटलं, तर ती माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली.

कॉलेज सुरू झाल्यावर एक दिवस नाना पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. एकटेच आले होते. ऋतुजा वर्गात होती. मी त्यांना बसायला सांगितलं, या वेळी ते बसले.

‘गावात काय म्हणतायत?’ मी विचारलं. तेच एक मला खात होतं.

नाना म्हणाले, ‘परवा पारावर आबा बसलते. एकानं इचारलंच. म्हणला, आबा, तुमची नात बी दुसऱ्यांदा बसली म्हणं?’

‘मग?’

‘आबा म्हणले, बसली की. तिचा चुलता बी बसलाता. दोघं बी पास हायती.’

एवढं सांगून नाना बॉक्सची सुतळी सोडायला लागले. गाठ अवघड नव्हती, पण त्यांना ती सुटेना. मी खिडकीवरची पाटी उगाचच सरळ केली. परत येईपर्यंत त्यांनी बॉक्स उघडून माझ्यापुढं धरला होता.

मी दोन पेढे उचलले.

‘एक पोरगीचा,’ नाना म्हणाले. ‘दुसरा कशाचा, मॅडम?’

‘तुमचा,’ मी म्हटलं. ‘ऑक्टोबरपासून राहिला होता.’